कुलपे घडविणाऱ्याचा मुलगा

मनगटावरचे घड्याळ, खिशातला दूरध्वनी, घरातला दूरदर्शन संच, रुग्णालयातील यंत्रे या सर्वांच्या पोटात आज सिलिकॉनचा एक लहानसा तुकडा दडलेला असतो. त्याला चिप असे म्हणतात. हाताच्या नखावर मावेल एवढ्या जागेत त्यावर एक संपूर्ण विद्युत मंडल घडविलेले असते. चिपला बाहेरून पुष्कळदा एकच विद्युत दाब मिळतो. परंतु तिच्या आतील सर्व भागांची गरज सारखी नसते. कोठे त्या दाबाचा अर्धा भाग हवा असतो, तर कोठे एक तृतीयांश. एका भाकरीचे घरातल्या माणसांसाठी वाटे करावेत, त्याप्रमाणे चिपच्या आतच त्या दाबाचे वाटे करणारी एक साधी रचना केलेली असते. तिला दाब-विभाजक म्हणतात. हे वाटे ज्या नियमाने पडतात, तो नियम पहिली चिप तयार होण्याच्या १३१ वर्षे आधी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता. तो शोधून काढणारा मनुष्य एक शाळाशिक्षक होता, आणि त्या शोधानंतर त्याला आयुष्याची उमेदीची वर्षे उपेक्षेत काढावी लागली. त्याचे नाव गेऑर्ग सायमन ओम.

ओमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. त्याचे वडील कुलपे घडविणारे कारागीर होते, आणि आई एका शिंप्याची मुलगी होती. घरात सात मुले जन्मली. परंतु त्या काळी बालमृत्यू फार होत. सातांपैकी गेऑर्ग, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण एवढी तिघेच जगली. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आईचेही छत्र हरपले.

वडिलांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते; परंतु त्यांची ज्ञानाची भूक मोठी होती. दिवसभर कानस आणि हातोडा चालवून झाल्यावर ते पुस्तके घेऊन बसत. अशा रीतीने ते स्वतःच्या प्रयत्नाने गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकले. आणि जे शिकले ते त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना शिकविले. किल्लीचा एक दात केसभर चुकला तरी कुलूप उघडत नाही. अशा धंद्यात वाढलेल्या मुलांना काटेकोरपणाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. हातांनी अचूक वस्तू घडवावी आणि डोक्याने अचूक विचार करावा, हे दोन्ही धडे गेऑर्गला घरीच मिळाले.

अकराव्या वर्षी गेऑर्ग गावातील माध्यमिक शाळेत गेला. तेथे विज्ञानाचा अभ्यास थोडा आणि पाठांतर फार, असा प्रकार होता. घरच्या शिक्षणाची सर त्या शाळेला नव्हती. एर्लांगेन येथे एक विद्यापीठ होते, आणि लांग्सडॉर्फ नावाचे गणिताचे प्राध्यापक तेथे शिकवीत. त्यांनी या मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा कुलपे घडविणाऱ्याच्या घरात इतके गणित कोठून आले याचे त्यांना नवल वाटले. बेर्नूली हे त्या काळी गणितासाठी गाजलेले घराणे होते. त्या घराण्यातील बंधूंशी त्यांनी या दोघा भावांची तुलना केली.

१८०५ मध्ये, सोळाव्या वर्षी, गेऑर्ग विद्यापीठात दाखल झाला. परंतु तेथे त्याचे लक्ष अभ्यासावरून उडाले. नृत्य, बर्फावरून घसरण्याचा खेळ आणि बिलियर्ड यांतच त्याचा वेळ जाऊ लागला. आपल्याला जी संधी कधीच मिळाली नाही, ती मुलगा वाया घालवीत आहे, हे पाहून वडील संतापले. तीन सत्रे संपताच त्यांनी त्याचे विद्यापीठ बंद केले. १८०६ च्या सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून त्याची रवानगी झाली. तेव्हा त्याचे वय अवघे सतरा वर्षांचे होते.

परदेशात, स्वतःच्या कष्टाची भाकरी खाताना, गेऑर्गचे डोळे उघडले. पुन्हा विद्यापीठात जावे, अशी तळमळ त्याला लागली. लांग्सडॉर्फ तोपर्यंत हायडेलबर्ग विद्यापीठात गेले होते. त्यांच्याकडे शिकावयास येण्याची इच्छा त्याने त्यांना कळविली. तेव्हा कोणाच्या व्याख्यानाची वाट न पाहता ऑयलर, लाप्लास यांच्यासारख्या थोर गणितज्ञांचे ग्रंथ स्वतःच वाचावेत, असा सल्ला त्यांनी त्याला दिला. गेऑर्गने तो मानला. दिवसा मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात ते अवघड ग्रंथ वाचावेत, असा क्रम त्याने चालू ठेवला. वडिलांनी ज्या मार्गाने विद्या मिळविली होती, त्याच मार्गाने आता मुलगाही चालू लागला. १८११ मध्ये तो एर्लांगेनला परत आला आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी त्याने डॉक्टर ही पदवी मिळविली.

पदवी मिळाली, तरी पोटाचा प्रश्न सुटला नाही. विद्यापीठात शिकविण्याचे काम होते. परंतु त्याच्या मिळकतीत निर्वाह होईना. १८१३ मध्ये बांबेर्ग येथील एका सामान्य शाळेत त्याने नोकरी धरली. तीन वर्षांनी ती शाळाही बंद पडली आणि गर्दीने भरलेल्या दुसऱ्या एका शाळेत त्याला पाठविण्यात आले. तशाही स्थितीत त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिले. ते १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची एक प्रत प्रशियाच्या राजाकडे पाठविण्यात आली होती. त्याच वर्षी कोलोन शहरातील नामांकित माध्यमिक विद्यालयात गणित व भौतिकशास्त्र शिकविण्यासाठी ओमला बोलावणे आले.

कोलोनच्या विद्यालयात उपकरणांनी सज्ज अशी एक प्रयोगशाळा होती. तिच्या रूपाने ओमला खजिनाच सापडला. १८२० मध्ये डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ ऑर्स्टेड याने तारेतून वाहणारी वीज जवळची चुंबकसूची हलविते, असे दाखविले. या शोधाने सर्व युरोपात खळबळ उडाली. ओमही शाळेचे काम आटोपून विजेचे प्रयोग करू लागला. तारा ताणणे, पट्ट्या वाकविणे, सुई अचूक टांगणे ही कामे तो स्वतःच्या हातांनी करी. लहानपणी वडिलांच्या कामाजवळ राहून मिळालेले हस्तकौशल्य आता उपयोगी पडत होते.

ओमने स्वतःपुढे ठेवलेला प्रश्न दिसावयास साधा होता. तार लांब केली, म्हणजे तिच्यातून वाहणारा विद्युत प्रवाह किती कमी होतो? प्रवाह कमी होतो एवढे सर्वांना ठाऊक होते. परंतु किती, याचे निश्चित उत्तर जगाला ठाऊक नव्हते. ओमने निरनिराळ्या लांबीच्या तारा घेतल्या, त्या विद्युत घटाला जोडल्या आणि जवळ टांगलेली चुंबकसूची किती वळते, हे मोजले. हाती आलेल्या आकड्यांवरून त्याने एक सूत्र बसविले आणि १८२५ मध्ये ते प्रसिद्ध केले.

ते सूत्र चुकीचे होते.

चूक ओमच्या गणितात नव्हती. ती विद्युत घटात होती. त्या काळचे घट फार लहरी असत. तार जोडताच त्यांचा जोर एकदम उसळे आणि मग हळूहळू उतरत जाई. एका तारेचे माप घ्यावे, तोवर घटाचा जोर बदललेला असे. त्यामुळे सुईची हालचाल तारेमुळे कमी झाली की घटामुळे, हे ओळखणे कठीण होई. ज्या गजाने कापड मोजावयाचे, तो गजच मापता मापता आखडू लागला तर मापाचा काय भरवसा?

प्रसिद्ध झालेली चूक झाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. ओमने तसे केले नाही. मापे बिनचूक हवी असतील, तर आधी जोर स्थिर हवा, हे ध्यानात घेऊन त्याने प्रयोगाची मांडणी नव्याने करावयाचे ठरविले. या वेळी पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाची सूचना त्याच्या कामी आली. हा शास्त्रज्ञ एका प्रसिद्ध विज्ञान नियतकालिकाचा संपादक होता. दोन निराळे धातू जोडून त्यांचा एक सांधा तापविला व दुसरा थंड ठेवला, तर त्यांतून वीज वाहू लागते, असा शोध झेबेक या शास्त्रज्ञाने थोड्याच वर्षांपूर्वी लावला होता. लहरी घटाऐवजी हाच जोड वापरावा, असे पोगेनडॉर्फने सुचविले.

ओमने बिस्मथची एक कांब घेऊन तिच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा वितळत्या बर्फात. उकळत्या पाण्याची उष्णता वाढत नाही आणि वितळत्या बर्फाची घटत नाही. त्यामुळे त्यांच्यापासून उत्पन्न होणारा विजेचा जोरही स्थिर राहिला. प्रवाह मोजण्यासाठी त्याने सोन्याच्या चपट्या बारीक तारेने एक चुंबकसूची टांगली. प्रवाह सुरू झाला की सुई बाजूस वळे. मग वरील तारेला पीळ देऊन ती सुई पुन्हा जागेवर आणावयाची आणि किती पीळ द्यावा लागला, ते मोजावयाचे. जितका प्रवाह अधिक, तितका पीळ अधिक.

१८२६ च्या जानेवारीत ही मापे सुरू झाली. ओमने सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या होत्या. त्यांतील सर्वांत लहान तार २ इंचांची होती आणि सर्वांत लांब तार १३० इंचांची. एकामागून एक तार तो जोडी आणि पिळाचा आकडा टिपून ठेवी. आठही तारा संपल्या की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करी. एकाच दिवसाच्या मापांवर तो विसंबला नाही. निरनिराळ्या दिवशी त्याने तीच मापे पुन्हा पुन्हा घेतली.

या वेळी आकडे त्याच्याशी सरळ बोलले. प्रवाह दोनच गोष्टींवर अवलंबून होता. एक, वीज ढकलणारा जोर. आणि दुसरी, वाटेतील एकूण रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा. जोर दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होई. रोध दुप्पट केला तर प्रवाह निम्मा होई. तारेबरोबरच उरलेल्या उपकरणाचाही रोध असतो, हे ओमने ओळखले होते. त्याच्या मापांवरून उपकरणाचा तो रोध सुमारे २० इंच तारेएवढा भरला. म्हणून बाहेरून २० इंच तार जोडली की प्रवाह निम्म्यावर येई, आणि ४० इंच जोडली की एक तृतीयांशावर. पुढे त्याने उकळत्या पाण्याचा उपयोग सोडला आणि तो सांधा खोलीतील साध्या उष्णतेवर ठेवून पाहिला. विजेचा जोर पुष्कळ उतरला. परंतु उपकरणाच्या रोधाचा आकडा होता तोच राहिला. जोर आणि रोध या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, याविषयी आता शंका उरली नाही.

हाच तो ओमचा नियम होय. विद्युत दाबाला रोधाने भागले, म्हणजे प्रवाह मिळतो.

या नियमाच्या मागे काय दडले आहे, याचा शोध ओमला आता घ्यावयाचा होता. त्यासाठी १८२६ मध्ये त्याने एक वर्षाची रजा घेतली. रजेच्या काळात पगार निम्माच मिळणार होता. परंतु त्याची त्याला पर्वा नव्हती. बर्लिन येथे त्याचा भाऊ मार्टिन गणिताचे अध्यापन करीत असे. तेथे राहून त्याने आपला ग्रंथ लिहिला, आणि १८२७ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

फ्रान्सचा गणितज्ञ फूरिये याने धातूतून उष्णता कशी वाहते, याचे गणित मांडले होते. वीजही तशीच वाहत असावी, असा विचार ओमने केला. एखाद्या सळईचे एक टोक तापविले आणि दुसरे बर्फात ठेवले, तर तिची उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पायरीपायरीने उतरत जाते. त्याचप्रमाणे तारेतून प्रवाह वाहताना विद्युत दाबही तारेच्या लांबीवर हळूहळू उतरत जातो. तार सर्वत्र सारखी असेल, तर हा उतारही सर्वत्र सारखा असतो. तिच्या बरोबर मध्यावर दाब निम्मा असतो, आणि तिचे तीन समान भाग केले तर प्रत्येक भागात दाबाचा एक तृतीयांश खर्ची पडतो. मंडलात निरनिराळ्या रोधाचे तुकडे एकापुढे एक जोडले, तर प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या रोधाच्या प्रमाणात दाब येतो. ज्याचा रोध अधिक, त्याचा वाटा अधिक. दाब-विभाजकाचे सर्व रहस्य या एका विचारात सामावलेले आहे.

या ग्रंथामुळे आपल्याला मान मिळेल आणि विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल, अशी ओमला आशा होती. घडले ते उलटेच. त्या काळी जर्मनीतील पुष्कळ विद्वानांना भौतिकशास्त्रात एवढे गणित आणणे रुचत नव्हते. वाचकांना अडचण पडू नये म्हणून ओमने आवश्यक ते गणित ग्रंथातच समजावून दिले होते. तरीही प्रयोग करणाऱ्यांना ते जड वाटले. काहींनी ग्रंथाकडे दुर्लक्ष केले, तर काहींनी त्यावर कठोर टीका केली. ज्या शोधासाठी रात्रीचा दिवस केला, त्याची अशी उपेक्षा झालेली पाहून ओम खचला. १८२८ मध्ये त्याने कोलोनच्या जागेचा राजीनामा दिला. ती सुसज्ज प्रयोगशाळा आणि हक्काची नोकरी, दोन्ही सुटली. चाळिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हा शास्त्रज्ञ बर्लिनमधील लष्करी विद्यालयात आठवड्यातून काही तास गणित शिकवून कसाबसा निर्वाह करू लागला.

पाच वर्षे अशी गेली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथील तंत्रविद्यालयात त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली. ते विद्यापीठ नव्हते. परंतु पोटाची काळजी मिटली.

या काळात त्याचा नियम मात्र स्वस्थ बसला नव्हता. लाइपझिग येथे फेख्नर याने तो पडताळून पाहिला व खरा असल्याचे दाखविले. रशियात लेन्झ याने आपल्या संशोधनात त्याचा उपयोग केला. फ्रान्समध्ये पूये हा आपल्या प्रयोगांवरून १८३७ मध्ये त्याच नियमापर्यंत येऊन पोहोचला. त्याच सुमारास विद्युत तारायंत्राचा उदय झाला होता. कोसच्या कोस लांब तारेतून संदेश पाठवावयाचा, तर तारेचा रोध किती आणि त्यासाठी किती घट लागतील, याचा हिशेब करणे भाग होते. तो हिशेब ओमच्या नियमावाचून करता येईना. जो नियम पंडितांनी बाजूस सारला होता, तो आता व्यवहाराला हवा होता.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या ख्यातनाम संस्थेने ओमला कोप्ले पदक देऊन त्याचा गौरव केला. पुढच्या वर्षी तिने त्याला आपले परदेशी सभासद करून घेतले. परदेशाने डोक्यावर घेतल्यानंतर मायदेशालाही आपल्या माणसाची ओळख पटली. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासदत्व दिले. १८४९ मध्ये तो म्यूनिकला गेला, आणि १८५२ मध्ये तेथील विद्यापीठात भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. तरुणपणापासून मनात बाळगलेली इच्छा वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पूर्ण झाली. हे सुख त्याला दोनच वर्षे लाभले. ६ जुलै १८५४ रोजी म्यूनिक येथे ओमने जगाचा निरोप घेतला. तो आजन्म अविवाहित होता.

ओमच्या पश्चात एक मनोरंजक गोष्ट उजेडात आली. इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश हा थोर परंतु एकांतप्रिय शास्त्रज्ञ १८१० मध्ये वारला होता. त्याची जुनी टिपणे मॅक्सवेल याने १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांवरून असे दिसून आले, की कॅव्हेंडिशला हा नियम ओमच्या कितीतरी आधी, १७८१ मध्येच, कळून चुकला होता. त्या वेळी प्रवाह मोजण्याचे साधन नसल्यामुळे आपल्या अंगाला बसणाऱ्या विजेच्या झटक्यावरून तो प्रवाहाचा अंदाज घेई. परंतु हे ज्ञान त्याने कोणाला सांगितले नाही, आणि ते कागदातच पडून राहिले. ओमने आपले ज्ञान टीकेची पर्वा न करता जगापुढे ठेवले. म्हणून ते जगाच्या उपयोगी पडले.

१८८१ मध्ये पॅरिस येथे देशोदेशींच्या विद्युत शास्त्रज्ञांची परिषद भरली. तीत रोध मोजण्याच्या एककासाठी ओम हे नाव स्वीकारण्यात आले. एक व्होल्ट दाबाने तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहिला, तर त्या तारेचा रोध एक ओम समजतात. व्होल्ट हे नाव इटलीच्या व्होल्टावरून आले आणि अँपिअर हे फ्रान्सच्या अँपिअरवरून. या दोघांच्या पंक्तीला एर्लांगेनच्या कुलपे घडविणाऱ्याचा मुलगा जाऊन बसला.

काळ पुढे गेला. १९५८ मध्ये अमेरिकेतील जॅक किल्बी याने अर्धवाहक पदार्थाच्या एकाच तुकड्यावर संपूर्ण मंडल तयार करून दाखविले. हीच चिपची सुरुवात. चिपमधील रोधक म्हणजे अत्यंत पातळ थराची एक अरुंद पट्टी असते. पट्टी लांब असेल तर रोध अधिक आणि रुंद असेल तर रोध कमी, हा तारेचा न्याय तिलाही लागू पडतो. परंतु येथे एक मोठी अडचण आहे. चिपा तयार करताना थराची जाडी आणि त्याचे गुणधर्म दर खेपेस अगदी सारखे राखता येत नाहीत. म्हणून एखाद्या पट्टीचा रोध हजार ओम ठरविला, तरी प्रत्यक्षात तो आठशे किंवा बाराशे ओमही भरू शकतो. मग अचूक विभाजक कसा करावयाचा?

उत्तर ओमच्या विचारातच आहे. दाबाचे वाटे रोधाच्या आकड्यावर अवलंबून नसतात. ते रोधांच्या परस्परांतील प्रमाणावर अवलंबून असतात. एकाच चिपवर शेजारी शेजारी असलेल्या दोन पट्ट्यांपैकी एकीचा रोध वाढला, तर दुसरीचाही तेवढ्याच पटीने वाढतो. दोन्ही आकडे चुकतात. परंतु त्यांचे प्रमाण बिघडत नाही. म्हणून चिपचा आराखडा करणारे अभियंते पट्टीचा एकच नमुना ठरवितात आणि तोच पुन्हा पुन्हा वापरतात. एकास दोन असे वाटे हवे असतील, तर ते एक आखूड आणि एक लांब पट्टी काढीत नाहीत. तंतोतंत सारख्या अशा तीन पट्ट्या काढतात. सर्व पट्ट्या एकाच दिशेने आणि एकमेकींच्या निकट ठेवतात, म्हणजे उष्णतेचा परिणाम सर्वांवर सारखा होतो. कडेच्या पट्टीला एका बाजूने शेजारीण नसल्यामुळे तिची घडण किंचित निराळी होते. म्हणून रांगेच्या दोन्ही टोकांना आणखी एकेक पट्टी केवळ सोबतीला काढून ठेवतात. तिच्यातून प्रवाह वाहत नाही. इतकी काळजी घेतल्यावर जे प्रमाण साधते, त्यात शंभरात एक भागाचीही चूक राहत नाही.

रोध किती ठेवावा, यातही तारतम्य लागते. विभाजकातून प्रवाह सतत वाहत असतो. रोध फार कमी ठेवला, तर प्रवाह वाढून घट लवकर संपतो. रोध फार मोठा ठेवला, तर चिपवरील मोलाची जागा अडते. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी अभियंता ओमचा नियमच हाती घेतो.

याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण आहे. १९७१ मध्ये हान्स कामेनझिंड या अभियंत्याने काळ मोजणाऱ्या एका चिपचा आराखडा तयार केला. पुढच्या वर्षी ती ५५५ या नावाने बाजारात आली आणि जगभर पसरली. तिच्या आत सुमारे ५००० ओमचे तीन सारखे रोधक एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांच्यामुळे दाबाचे तीन समान वाटे होतात. ९ व्होल्टचा घट जोडला, तर त्यांच्या सांध्यांवर ३ आणि ६ व्होल्ट मिळतात. बाहेर जोडलेले धारित्र, म्हणजे विद्युत भार साठविणारे साधन, भरत भरत ६ व्होल्टपर्यंत आले की चिप ते रिकामे करू लागते. ३ व्होल्टपर्यंत उतरले की पुन्हा भरू देते. या चढउतारांवर ती काळ मोजते. घट जुना होऊन त्याचा दाब ९ ऐवजी ६ व्होल्ट झाला, तर त्या खुणाही आपोआप ४ आणि २ व्होल्टवर येतात. धारित्राचे भरणेही त्याच घटावर अवलंबून असल्यामुळे ते त्याच प्रमाणात मंदावते. म्हणून चढउताराला लागणारा वेळ बदलत नाही.

ज्या घटाच्या चंचलपणाने १८२५ मध्ये ओमला फसविले होते, त्याच चंचलपणावर त्याच्या नियमाने अशी मात केली. घटाचा जोर उतरत जातो. समान वाटे मात्र समानच राहतात. आपली चूक उघडपणे मान्य करून एका शाळामास्तराने आठ तारा पुन्हा पुन्हा मोजल्या, त्या जानेवारीतील कष्टांचे फळ आज लहानात लहान चिपमध्येही निमूटपणे काम करीत आहे.